तब्येत उतरली

आमच्या कोल्हापुरात माणूस जाड नसतो, त्याची तब्येत असते. "तब्येत केलीय की!" म्हणजे फुगलाय. "तब्येत बरी हाय" म्हणजे रिक्षात एकटाच मावतोय. "तब्येत उतरली" म्हणजे वाळला. आणि खरोखर आजारी पडला तरी शब्द तोच, तब्येत. पैलवानांचं गाव, इथं अंगावर मांस असणं ही घरच्या चुलीची अब्रू, त्यामुळं त्याला वाईट नाव द्यायला कुणाची जीभ रेटत नाही. या एका शब्दानं आमच्या घरात जो घोळ घातला तो आठवला की अजून माझं टाळकं सटकतं.

एकोणीसशे सत्तरच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी नववीत होते, पंधरा वर्षांची, आणि आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. माझे वडील, आबा, गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. आई घरात. मी एकुलती एक, आणि आईनं माझ्यावर जन्मापासून एकच प्रयोग केला होता, तो म्हणजे खायला घालणं. "खा, अंगाला लागंल" हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. आणि लागलं की अंगाला! चांगलं दणकून लागलं. दहाव्या वर्षापर्यंत सगळी पेठ माझे गाल ओढून आईचं कौतुक करायची. अकराव्या वर्षी न्हाण आलं आणि एका महिन्यात कौतुक बंद. तेच गाल, तीच पोरगी, आणि आता आईलाच लोक विचारायला लागले, "काय घालतीस गं हिला?"

मग सुरू झाले उपाय. सकाळी लिंबू-मध-पाणी, दुपारी मोजून एक भाकरी, आणि संध्याकाळी "दिवसभर लेकराच्या पोटात काय न्हाय" म्हणून दुसऱ्या भाकरीवर मुठीएवढा लोण्याचा गोळा. मी म्हणायचे, "अगं आई, मग सकाळी कशाला उपाशी ठेवलीस?" तर म्हणायची, "गप, खा." पहाटे आबांबरोबर रंकाळ्याला फेऱ्या मारायला जायचे. तिथं तालमीतली पोरं पळायला यायची. ती मला बघून बाजूला व्हायची आणि एकजण ओरडायचा, "सरका, सरका, रोडरोलर आला!" आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मला त्या पोरांपेक्षा आबांचा राग यायचा. एकदा तरी मागं वळून एखाद्याच्या कानाखाली वाजवायची होती की! पण नाही, आबा खाली मान घालून चालत राहायचे.

शाळेत तिघींच्या बाकावर मी आणि एकच. कवायतीला बाई मला शेवटी उभी करायच्या, "म्हणजे मागच्यांना दिसेल". मुलींना पाचवारी नेसायचं संमेलन आलं की मी पडदा ओढायला. हे सगळं मी हसून सोसायचे, कारण जाड पोरीनं हसरं असावं असा एक नियमच आहे. हसरी नसली तर लोकांना ते चालत नाही.

असल्या दिवसांत मुंबईहून मामा आला. माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ, एका खाजगी दवाखान्यात कारकून होता. आला तो पाय धुवायच्या आत माझ्याकडं बघून म्हणाला, "आक्का, बोहल्यावर हिला मलाच आणायची हाय. माझ्या कमरेचा इचार कर की जरा." सगळे हसले. मीही हसले. मग चहा घेता घेता त्यानं खरी बातमी सांगितली. त्यांच्या दवाखान्यात परदेशात शिकून आलेला एक सर्जन होता. तो जाड माणसांचं ऑपरेशन करायचा. "आतडं वीस-बावीस फुटी असतंय," मामा हातानं लांबी दाखवत म्हणाला. "त्यातलं फूट-दीड फूट चालू ठेवायचं. बाकीचं बाजूला बांधून टाकायचं. वरचं टोक खालच्याला जोडून द्यायचं. मग खावा किती खायाचं ते. खाल्लेलं अंगाला लागतच न्हाय!"

आई गारच झाली. पंधरा वर्षं जी बाई "अंगाला लागू दे" म्हणून देव पाण्यात घालून बसली होती, तिला खाल्लेलं अंगाला न लागण्याचं इतकं अप्रूप वाटलं की तिनं मामाला दुसरा चहा केला. आबांनी विचारलं, "धोका काय?" मामा म्हणाला, "कसला धोका दाजी? अपेंडिक्स काढल्यागत. लै जणांची केलीत त्यांनी."

आणि मी? मी काय सांगू! मला तर उड्या मारायच्या होत्या. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला त्या न बघितलेल्या सर्जनइतका देवमाणूस जगात दुसरा कुणी वाटत नव्हता. न पळता, न उपाशी राहता, झोपेत असताना कुणीतरी माझं अंग काढून घेणार होतं. मी मामाला म्हटलं, "कवा जायाचं? मी आत्ता येतो." आमच्याकडं बायकापोरीही येतो-जातोच म्हणतात. मामा म्हणाला, "आदी वजन कळवायला पायजे. बरोब्बर वजन."

आता हे बरोब्बर वजन करायचं कुठं? पेठेतल्या आमच्या डॉक्टरांचा काटा जुना, माझ्याखाली तो नुसता कापायचा. शेवटी आबा मला अडतीत घेऊन गेले. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, जोखायचा तो मोठा काटा, जमिनीशी लोखंडी फळी असलेला. आबांनी दुपारची वेळ निवडली होती, हमाल जेवायला गेलेले असतील म्हणून. कुठले गेलेत! सगळे तिथंच पोत्यांवर बसून भाकरी खात होते. मी फळीवर चढले. काट्याशी बसलेल्या म्हाताऱ्यानं वजनं टाकली, काढली, पुन्हा टाकली आणि तोंडाला सवय म्हणून मोठ्यांदा आरोळी दिली, "ब्याण्णव!" एक हमाल भाकरीचा घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "तीन रवं भरल्या की!" एक रवा म्हणजे तीसेक किलो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो हिशेबच करत होता. पण मला वाटलं आत्ता ही फरशी फाटावी. आबा मात्र कागदावर आकडा लिहून घेत होते, चष्मा पुसत, नीट, जसा गुळाचा लिहायचे तसा.

परत येताना आबा डॉक्टरांकडं थांबले. हे आमचे घरचे डॉक्टर, पांढऱ्या गोळ्यांच्या पुड्या देणारे, म्हातारे, सायकलवरून फिरणारे. आबांनी सगळं सांगितलं. डॉक्टर चिडले. म्हणाले, "पोरीचं वाढीचं वय आहे. हाडं अजून भरायची आहेत. खाल्लेलं अंगी लागलं नाही तर हाडं कशाची होणार, हवेची? मोठ्या माणसांतसुद्धा हे पुढं किती वर्षं सोसतं हे अजून कुणाला धड माहीत नाही, आणि तुम्ही हिच्यावर करायला निघालात?" आबा म्हणाले, "पण तब्येत कमी व्हायला दुसरं काय करायचं?" डॉक्टर म्हणाले, "वेळ लागेल. चालू दे, खेळू दे, आणि घरच्यांनी तिला चिडवायचं थांबवावं आधी." झालं, हा काय उपाय झाला? घरी आल्यावर आई म्हणाली, "त्यांस्नी काय कळतंय, अजून सायकलवरनं फिरत्यात." मीही आईची री ओढली. डॉक्टर खरं बोलत होते, पण त्यांच्याकडं द्यायला काही नव्हतं, आणि मामाकडं होतं.

आबांच्या मनात मात्र डॉक्टरांचं बोलणं खुटखुटत राहिलं. त्यांनी मामाला कळवलं, ज्यांचं ऑपरेशन झालंय असं कुणी आपल्या बाजूचं असलं तर पत्ता दे. पत्ता आला, गारगोटीचा. सोळा वर्षांची मुलगी, आठ महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालेलं. आबांनी तिच्या वडिलांना कार्ड लिहिलं. आता इथं खरी गंमत. आबा लिहिण्यात पक्के, पण परक्या माणसाला "तुमची मुलगी आता जाड आहे की बारीक" असं विचारणार कसं? शोभतं का? त्यांनी आपलं सभ्यपणे लिहिलं, "मुलीचे ऑपरेशन झाल्याचे कळले. आता तिची तब्येत कशी आहे, ते कृपया कळवावे."

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. ते कार्ड मला अजून पाठ आहे. "स. न. वि. वि. आपले कार्ड पोचले. मुलीची तब्येत विचारलीत, बरे वाटले. ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. तब्येत पार उतरली. शाळा बंद करून घरीच ठेवली आहे. पुढचे देवाच्या हाती. कळावे."

आईनं ते तीनदा वाचून घेतलं. "पार उतरली! आठ म्हयन्यांत!" आणि शाळा बंद करून घरीच ठेवली म्हणजे काय, तर स्थळ आलं असणार. आणि पुढचे देवाच्या हाती म्हणजे? लग्नगाठी देवाच्याच हातात असतात की! आईनं त्याच पावली देवापुढं साखर ठेवली आणि शेजारी वाटलीसुद्धा. मी आरशापुढं उभी राहून पोट आत ओढून बघितलं. आबांनासुद्धा पहिल्यांदाच जरा हायसं वाटलं. तीन शहाणीसुरती माणसं, एकालाही शंका आली नाही. आमची काय डोकी चालली होती देव जाणे.

शंका आली ती भाभींना. भाभी म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या मुसलमान बाई, माझं सगळं माप लहानपणापासून त्यांच्याकडं. दर सहा महिन्यांनी माझा शाळेचा ब्लाऊज उसवून वाढवून द्यायच्या आणि वाढवलेलं बाहेरून कळू नये म्हणून रात्रीचा दिवस करायच्या. साखर तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "उतरली म्हंजे किती उतरली? आदीचं माप काय, आत्ताचं काय?" आई म्हणाली, "ते कसं इचारणार?" भाभी म्हणाल्या, "कार्डात एवढं सगळं लिवलं, मग पोरगी खुशाल हाय, एवढंच लिवायचं कसं ऱ्हायलं? जावा की, बघून या. गारगोटी काय लांब हाय?" मला भाभींचा इतका राग आला! मनात म्हटलं, मी बारीक झाले तर हिचं उसवायचं काम जाणार, म्हणून बोलतेय. असं मी खरंच मनात म्हटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

पण आईलाही तो चमत्कार बघायची घाई झालीच होती. रविवारी सकाळच्या यष्टीनं आम्ही तिघं गारगोटीला गेलो. आईनं अर्धा किलो पेढे घेतले होते. बाजारात विचारत विचारत घर सापडलं. शेतकऱ्याचं घर, पुढं कांदे पसरलेले. मुलीची आई दाराशी आली. "या पावणं," म्हणाली, पाणी दिलं. मुलीचे वडील रानात गेले होते. आम्ही कोण, कुठले, कार्ड कुणी लिहिलं, हे आबांनी सांगितलं. त्या बाईंचं सगळं लक्ष माझ्याकडं होतं. आईनं पुड्याचा दोरा सोडला, एक पेढा पुढं केला आणि म्हणाली, "वहिनी, आदी त्वांड गोड करा. लेकीचं चांगलं झालं, आमालाबी धीर आला."

बाई पेढ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कसलं चांगलं झालं?"

आई म्हणाली, "तब्येत उतरली न्हवं? कार्डात लिवलंय की."

"व्हय, उतरली," बाई म्हणाली. "धड उठायला येत न्हाय पोरीला." आणि तिथंच, पदर तोंडाला लावून, परक्या माणसांपुढं ती बाई रडायला लागली. आईच्या हातात पेढा तसाच. आम्ही साखर वाटली होती. मला त्या क्षणी आमच्या तिघांच्याही तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऑपरेशननंतर पोरीला दिवसातनं पंधरा-पंधरा वेळा परसाकडं जायला लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिल्यांदा पोट बिघडंल, मग बसंल. "कवा बसंल ते सांगितलं न्हाय," बाई म्हणाली. केस मुठीमुठीनं जायला लागले. हाडं ठणकायची. मूतखडा झाला. परत मुंबईला नेली तर गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की बाकीची सगळी मोठी माणसं होती, एवढ्या लहान पोरीवर आपण पहिल्यांदाच केलं. "पयल्यांदाच केलं! आदी न्हाय सांगितलं, मागनं सांगितलं," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, याचाच मला राग आला. मी तिच्या जागी असते तर दवाखाना डोक्यावर घेतला असता, असं मी तिथं बसून मनात म्हणत होते. ब्याण्णव किलोचं माझं शौर्य!

बाई म्हणाली, "तू आत जा बाळ. तिला बरं वाटंल."

आतल्या खोलीत ती खाटेवर बसली होती, डोक्याला रुमाल. हात काटक्यांसारखे, आणि दंडाखाली कातडं मोकळं लोंबत होतं. पोट मात्र फुगलेलं. चेहरा सोळा वर्षांचा अजिबात वाटत नव्हता. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कुणी माझ्याकडं असं बघितलं की मला कळायचं ते काय मोजतायत, पण हिचं बघणं वेगळं होतं, ओळखीचं माणूस लांबनं येताना दिसावं तसं.

"तुजं किती?" तिनं विचारलं.

"ब्याण्णव."

"माजं अठ्ठ्याण्णव हुतं."

आता माणसानं इथं काय विचारावं? दुखतंय का, खायला काय जातंय, पुढं काय म्हणतायत डॉक्टर. मी विचारलं, "आणि आता?"

"छप्पन्न," ती म्हणाली.

मला जे वाटलं ती दया नव्हती. छप्पन्न! मी तिच्या मनगटाकडं बघत होते. ते इतकं बारीक होतं की त्यात सहा बांगड्या सैल बसल्या असत्या. तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं असणार. ती जरा हसली आणि म्हणाली, "तू मनात काय म्हणालीस ते मला ठावं हाय. मीबी तेच म्हटलं असतं." मग म्हणाली, "मीच हट्ट केलता. बा नको म्हणत हुता. मी चार दिस जेवलो न्हाय."

मी विचारलं, शाळा का सोडली. तिनं खालमानेनं सांगितलं, "वर्गातनं सारखं पळायला लागायचं. एक दिस पोचलो न्हाय." एवढं बोलून ती उठली, भिंतीला धरून धरून मागल्या दारानं बाहेर गेली, आणि मी तिथं खाटेच्या कडेला बसून राहिले. ती बऱ्याच वेळानं आली. तोपर्यंत मला आबांनी हाक मारली होती.

ती मेली नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण एखाद्याचं जगणं-मरणं टांगून ठेवून गोष्ट रंगवायचा मला तिटकारा आहे. पुढं वर्षभरात दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरांनी तिचं पोट पुन्हा उघडून आतडं होतं तसं जोडून दिलं. आबा आणि तिचे वडील यांची कार्डं नंतर बरीच वर्षं चालली, त्यातून कळलं. परसाकडं पळणं थांबलं, वजन परत आलं, मूतखड्याचा त्रास मात्र राहिला. शाळा पुन्हा सुरू झाली नाही. एकदा सुटलेली पोरीची शाळा परत कोण सुरू करतंय?

गारगोटीहून येताना यष्टीत आईच्या हातात पुडा नव्हता. पेढे आई तिथंच ठेवून आली होती, न सांगता, कोनाड्यात. मला वाटलं विषय संपला. संपतोय कसला! पाचव्या दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "ती पोरगी आदीपासनंच नाजूक असंल." मग म्हणाली, "आपली दणकट हाय. हिला सोसंल." स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेली बाई! त्या पोरीच्या हालांपेक्षा तिला लोकांच्या जिभेची धास्ती जास्त होती. एका नात्यातल्या बाईनं त्याच आठवड्यात विचारलं होतं, "हिच्यासाठी नवरा बघणार का हत्ती?" आई त्या बाईशी भांडली नाही. घरी येऊन माझ्या ताटातली भाकरी अर्धी केली.

आणि खरं सांगू? मीही तेच गणित मनात मांडत होते. तिला झालं म्हणजे मला होईलच असं थोडंच आहे? केस गेले तर रुमाल बांधीन. शाळा सुटली तर सुटली, तिथं माझं कोण वाट बघतंय? मी डोळ्यांनी बघितलेलं सगळं एकेक करून बाजूला सारलं आणि एक आकडा तेवढा ठेवला, छप्पन्न.

महिन्याभरानं मामा आला तो छापील कागद घेऊनच. तारीख मिळत होती, म्हणाला. गारगोटीचं सगळं आबांनी त्याला कळवलं होतं. तो म्हणाला, "दाजी, परत्येकाचं अंग येगळं. एकाचं बिघडलं म्हणून सगळ्यांचं बिघडतंय व्हय?" रविवारची दुपार होती, जेवणं झाली होती. कागद इंग्रजीत होता. आबांनी चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिवलंय?"

"ते सगळीकडंच असतंय," मामा म्हणाला.

"पण काय लिवलंय?"

"काय झालंच तर दवाखाना जबाबदार न्हाय. आई-बापाच्या मर्जीनं करतोय, असं."

आबांनी पेन उघडलं होतं. आई दाराला टेकून उभी होती, मामा घड्याळाकडं बघत होता. मी सतरंजीवर बसून त्या पेनाकडं बघत होते, आणि मनात नुसतं चाललं होतं, करा सही, करा सही. आबांनी मान वर केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं बघून मला विचारलं.

"बाळ, तुला काय वाटतंय?"

"करा," मी म्हटलं.

"ती पोरगी बघितलीस न्हवं?"

"बघितली."

"तरीबी?"

"तरीबी करा. मेलो तर मेलो."

आबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि मामाच्या हातात दिली. "न्हाय करायचं," म्हणाले. मामा काहीतरी बोलायला लागला तर त्याच्यावर ओरडले, माझ्या जन्मात मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. मी रडत त्यांच्या अंगावर धावले. "मग मला इचारलं कशाला? करायचंच नव्हतं तर इचारलं कशाला?"

"मेलो तर मेलो म्हणालीस, म्हणूनच न्हाय म्हणालो," आबा म्हणाले. "पंधरा वर्सांची पोर तू. मेलं तरी चालंल, पण जाड नको. हे तुला आमीच शिकीवलं की गं."

मला तेव्हा यातलं काहीही कळलं नाही. मी त्यांना तुम्ही माझे वैरी आहात म्हणाले, दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत रडले, माझं ऑपरेशन गेलं म्हणून.